पोलिओची लस : शंका आणि समाधान

आमच्या लसीकरण कक्षात बाळाला घेऊन येणारे माता-पिता पुष्कळदा विचारतात, "देशात पोलिओ उरलेला नाही, मग हे डोस कशासाठी? आणि या थेंबांनीच पोलिओ होऊ शकतो असे ऐकतो, ते खरे का?" ही शंका रास्त आहे. ती हसण्यावारी न नेता तिचे पूर्ण उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो व विष्ठेवाटे बाहेर पडतो. दूषित पाणी आणि अस्वच्छ हात यांतून तो पसरतो. बहुसंख्य बालकांत त्याची काहीच लक्षणे दिसत नाहीत. मात्र सुमारे दोनशे संसर्गांमागे एका बालकाच्या मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन हात वा पाय कायमचा लुळा पडतो. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास मृत्यूही ओढवतो. हा रोग बरा करणारे औषध आजही नाही. म्हणून लसीचे महत्त्व.

लसी दोन प्रकारच्या आहेत. डॉ. जोनास साल्क यांची टोचून देण्याची लस १९५५ साली वापरात आली. तीत विषाणू मृत असतो. त्याच वर्षी अमेरिकेत काही बॅचमध्ये विषाणू पूर्णपणे मारला गेला नव्हता व त्यामुळे अनेक मुलांना पक्षाघात झाला. त्यानंतर उत्पादनाचे व तपासणीचे नियम अत्यंत कडक करण्यात आले. योग्य रीतीने तयार केलेल्या या लसीपासून पोलिओ होत नाही.

डॉ. आल्बर्ट सेबिन यांच्या तोंडावाटे देण्याच्या लसीत विषाणू जिवंत, पण दुर्बल केलेला असतो. तो आतड्यातच प्रतिकारशक्ती निर्माण करतो, त्यामुळे रोगाचा प्रसार थांबतो. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेत हेच थेंब घरोघरी पोहोचले. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण आढळले होते. नैसर्गिक विषाणूचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

आता धोक्याविषयी. थेंबांतील दुर्बल विषाणूमुळे पक्षाघात होणे अत्यंत विरळ आहे. पंचवीस-तीस लाख डोसांमागे एखादे बालक, असे त्याचे प्रमाण मानले जाते. दुसरा धोका निराळा आहे. जेथे अनेक मुले लसीविना राहतात, तेथे हा विषाणू दीर्घकाळ फिरत राहून पुन्हा सबळ होऊ शकतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका प्रौढास, तर २०२४ मध्ये गाझातील दहा महिन्यांच्या बाळास असाच पक्षाघात झाला. म्हणजे हा धोका वाढतो तो लसीकरण अपुरे राहिल्याने.

हे धोके कमी करण्यासाठी दोन उपाय झाले. टाइप २ चा नैसर्गिक विषाणू जगातून नष्ट झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तो नियमित थेंबांतून वगळण्यात आला. तसेच नोव्हेंबर २०१५ पासून भारताने थेंबांच्या जोडीला इंजेक्शन सुरू केले. जानेवारी २०२३ पासून त्याचा तिसरा डोस नवव्या महिन्यात दिला जातो.

पाकिस्तान व अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणू अद्याप आहे आणि प्रवाशांबरोबर तो कोठेही पोहोचू शकतो. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले, ते याच सावधगिरीपोटी.

लस सुरक्षित राहण्यासाठी तिची साठवणही अचूक हवी. थेंबांच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच ती लस वापरावी. इंजेक्शनची लस मात्र गोठता कामा नये. म्हणूनच शीतपेटी व अखंड वीजपुरवठा यांवरील खर्च आम्हाला औषधांइतकाच अगत्याचा वाटतो.

पालकांना आमची विनंती एवढीच, की थेंब आणि इंजेक्शन दोन्ही वेळेवर द्यावीत, पल्स पोलिओचा रविवार चुकवू नये आणि बाळाला प्रतिकारशक्तीचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मनात शंका असल्यास निःसंकोच विचारावे; उत्तर देण्यास आम्ही सदैव तत्पर आहोत.