पायाखालचे सरोवर

गळ टाकून मासे धरण्याचा छंद मराठी माणसाला नवा नाही. कोकणात खाडीच्या काठी गरी टाकून तासन्‌तास बसणारे आजोबा आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या पाळीवर गळ सांभाळत बसलेली मुले आपल्या परिचयाची आहेत. या साऱ्या चित्रांत माणूस काठावर असतो आणि मासा पाण्यात. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात मात्र हिवाळा सुरू झाला की या चित्राची मांडणीच बदलते. तेथे माणूस चालत थेट सरोवराच्या मध्याकडे जातो, पायाखालच्या बर्फाला वीतभर रुंदीचे छिद्र पाडतो आणि त्यातून गळ खाली सोडतो.

मिनेसोटाला ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ म्हणतात. प्रत्यक्षात १० एकर वा त्याहून मोठ्या सरोवरांची तेथील संख्या ११,८४२ आहे. राज्याच्या उत्तर भागात हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवलाचे नसते. अशा थंडीत घराबाहेर न पडता बसून राहण्याऐवजी तेथील मित्रमंडळी शनिवार-रविवार गाठून सरोवरांवर जातात. नोकरीनिमित्त मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रकार पहिल्या हिवाळ्यातच पाहायला मिळतो. ओळखीच्या सरोवरावर सवय सोबतीला असते. अनोळखी सरोवरावर ती उपयोगाची नसते. तेथे प्रत्येक पाऊल मोजूनच टाकावे लागते.

चार अंशांची किमया

हे सारे शक्य होते ते पाण्याच्या एका विलक्षण गुणधर्मामुळे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात व जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे हिवाळ्यात ४ अंशांच्या आसपासचे पाणी तळाशी राहते आणि त्याहून थंड पाणी वर येऊन गोठते. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने तो तरंगत राहतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा पसरतो. म्हणूनच वर हाडे गोठवणारी थंडी असतानाही खाली वॉलाय, यलो पर्च, नॉर्दर्न पाइक हे मासे संथपणे हिंडत असतात.

वॉलाय हा मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा पडदा असल्याने अंधूक उजेडात त्याला उत्तम दिसते. साहजिकच, दिवस मावळताना तो शिकारीला निघतो. सोबत्यांचा कस लागतो तोही त्याच वेळी, कारण गारठा वाढत असतो आणि परतीची वाट अंधारत असते.

जाडीचा हिशेब

बर्फावर जाणाऱ्यांचे साहित्य पाहिले तर त्यातील बऱ्याच वस्तू आपल्याला ओळखीच्या वाटतील. छिद्र पाडायला मोठे गिरमिट, छिद्रात साचणारा बर्फाचा चुरा काढायला झारा, बसायला उलटी बादली आणि हातभर लांबीची आखूड गळकाठी. यांत सर्वांत साधी व सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे लोखंडी पहार. पुढे चालणारा ती प्रत्येक पावलाआधी बर्फावर आपटतो. एकदोन घावांत पहार आरपार गेली तर सर्वांनी आल्या पावली मागे फिरावे, हा नियम आहे.

मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने यासाठी कोष्टकच दिले आहे. पायी चालण्यासाठी किमान ४ इंच, स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच, छोट्या मोटारीसाठी ९ ते १० इंच आणि मध्यम आकाराच्या ट्रकसाठी १३ इंच बर्फ हवा. हे आकडे नव्या, पारदर्शक व टणक बर्फाचे आहेत. बर्फ पांढरा व दुधाळ दिसत असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी धरावी आणि जाडीची अपेक्षा दुप्पट करावी, असे हा विभाग सांगतो. मोजमापही एकदाच करून चालत नाही. दर १५० फुटांवर नवे छिद्र पाडून पुन्हा मोजावे लागते.

एवढी दक्षता का? कारण एकाच सरोवरावर बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते. ओढा मिळतो तेथे, पाणी बाहेर पडते तेथे, तळाशी झरा असेल तेथे आणि दोन बेटांमधल्या अरुंद खिंडीत प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो. वर साचलेला भुसभुशीत हिम तर दुहेरी फसवणूक करतो. तो उबदार पांघरुणाप्रमाणे बर्फाला वाढू देत नाही आणि वरून त्याचा पातळपणाही झाकतो. स्थानिक माणसाला या जागा वर्षानुवर्षांच्या वावरामुळे ठाऊक असतात. बाहेरून आलेल्याला त्या विचारूनच कळतात.

तीन सरोवरे, एक हंगाम

हंगामाचा आरंभ अनेकजण अप्पर रेड लेक येथे करतात. हे सरोवर राज्याच्या उत्तरेस असून उथळ आहे, त्यामुळे ते लवकर गोठते. पहिला बर्फ गाठण्याचा मोह येथेच सर्वाधिक होतो. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी येथे बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि सुमारे २०० मासेमार त्यावर अडकले. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०२३ रोजी, पुन्हा शंभराहून अधिक लोकांना असेच सोडवावे लागले. दोन्ही वेळा बचाव पथकांनी सर्वांना सुखरूप काठावर आणले.

या सरोवराची आणखी एक कथा बँकेच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. १९९० च्या दशकात अतिरेकी मासेमारीमुळे येथील वॉलाय जवळजवळ संपुष्टात आला. व्याजावर समाधान न मानता मुद्दलालाच हात घातल्याचा हा परिणाम होता. रेड लेक येथील ओजिब्वे समाजाने आपली व्यापारी मासेमारी थांबवली. १९९९ मध्ये त्या समाजाच्या आणि राज्य शासनाच्या सहमतीने वॉलाय धरण्यावर पूर्ण बंदी आली आणि सरोवरात कोट्यवधी पिल्ले सोडण्यात आली. सात वर्षे कोणीही वॉलायला हात लावला नाही. २००६ मध्ये बंदी उठली तेव्हा मासा पुन्हा विपुल झाला होता. आजही या जोडसरोवराचा मोठा भाग ओजिब्वे समाजाच्या अखत्यारीत आहे आणि बाहेरच्यांना तेथे गळ टाकता येत नाही. नवख्या पाहुण्याने बर्फाची जाडी जाणून घ्यावी, तशीच ही हद्दही जाणून घ्यावी.

जानेवारीत मिल लॅक्सची पाळी येते. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘हजार सरोवरे’. सुमारे १,३२,००० एकरांच्या या सरोवराची कमाल खोली अवघी ४२ फूट आहे. येथे बर्फावर तात्पुरत्या लाकडी झोपड्यांचे गावच वसते. काठावरचे विश्रामगृहचालक बर्फावरचा हिम बाजूला सारून रस्ते आखतात, जाडी मोजत राहतात आणि वापराचे शुल्क घेतात. अनोळखी गटाने हे शुल्क खुशीने भरावे, कारण त्यात रस्त्याइतकीच माहितीचीही किंमत असते. थंडीच्या चढउतारानुसार हा विस्तीर्ण बर्फ प्रसरण-आकुंचन पावतो आणि तोफ डागल्यासारखा गडगडतो. नवख्याच्या काळजाचा ठोका चुकवणारा हा आवाज दरवेळी धोक्याचा नसतो. खरा धोका असतो तो बर्फाचे थर एकमेकांवर चढून तयार होणाऱ्या उंचवट्यांपाशी, कारण तेथे खाली उघडे पाणी असू शकते.

फेब्रुवारी सरता सरता राज्यातील इतर बहुतेक सरोवरांवर वॉलायचा हंगाम संपतो. कॅनडाच्या सीमेवरील लेक ऑफ द वुड्स येथे मात्र तो १४ एप्रिलपर्यंत चालतो. चौदा हजारांहून अधिक बेटे असलेल्या या सरोवरावर धुके वा हिमवादळ आले तर दिशा हरवणे अगदी सोपे असते. शिवाय वसंताच्या उन्हाने बर्फ आतून पोखरला जातो. जाडी पुरेशी दिसते, पण ताकद ओसरलेली असते. डिसेंबरातील चार इंच आणि मार्चअखेरचे चार इंच यांचे मोल म्हणूनच एकसारखे धरता येत नाही.

सोबत कशासाठी?

जाडीचा हिशेब बरोबर असूनही संकट येऊ शकते, हे ७ फेब्रुवारी २००९ रोजी ओहायो राज्याच्या किनाऱ्यालगत ईरी सरोवरावर दिसले. बर्फात पडलेल्या भेगेवर काही मासेमारांनी लाकडी फळ्या टाकून पूल केला आणि ते पलीकडे गेले. वारा फिरला, भेग रुंदावली, फळ्या निकामी झाल्या आणि शंभराहून अधिक माणसे सुट्या झालेल्या हिमखंडावर अडकली. हेलिकॉप्टर व नौकांच्या साह्याने त्यांची सुटका झाली. एका व्यक्तीला मात्र प्राणास मुकावे लागले. त्या दिवशी भेग सर्वांनाच दिसली होती. पलीकडे इतर जण गेले आहेत, मग आपणही जावे, या विचाराने घात केला.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा मानवी शरीरावर होणारा परिणाम अभ्यासून एक-दहा-एक असे सूत्र लोकप्रिय केले. बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या माणसाला श्वासावर ताबा मिळवायला १ मिनिट, हातपाय चालतात तोवर बाहेर पडायला १० मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास मिळतो. म्हणजे घाबरून पहिल्याच मिनिटात हातपाय झाडणे घातक. आधी श्वास स्थिर करावा, आलो त्याच दिशेला वळावे (कारण त्या बाजूच्या बर्फाने आपले वजन पेललेले असते), गळ्यात अडकवलेले टोचे बर्फात रोवावेत, पाय पोहल्यासारखे मारत शरीर वर ओढावे आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे. सोबत्यांनी कडेपर्यंत धावून जायचे नसते. दुरून दोर फेकायचा असतो.

यावरून मित्रांच्या सोबतीचा खरा अर्थ ध्यानात येतो. गप्पा, गरम कॉफी आणि थट्टामस्करी यांची गोडी तर आहेच. पण एकामागोमाग अंतर राखून चालणे, प्रत्येकाच्या खिशात टोचे व एकाच्या खांद्यावर दोर असणे, काठावरच्या कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवणे, शेगडी पेटवलेल्या तंबूत हवा खेळती आहे ना हे पाहणे, ही सारी कामे एकमेकांसाठी करायची असतात. बंद तंबूतला कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे तासभर गाडी हाकून, साहित्य ओढत आणून, मासे नेमके गळाला लागत असताना ‘आता पुरे, परत फिरू’ असे म्हणणे. हे म्हणणारा सोबती गटात असावा आणि त्याचे ऐकण्याइतका समजूतदारपणा इतरांत असावा.

बदलता हिवाळा

ही दक्षता आता अधिकच गरजेची झाली आहे. गेल्या अर्धशतकात मिनेसोटातील सरोवरांवरील बर्फाचा मुक्काम सरासरी १० ते १४ दिवसांनी घटला आहे. २०२३-२४ चा हिवाळा तर राज्याच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला. अनेक सरोवरांवर बर्फ उशिरा धरला आणि लवकर गेला. ‘नाताळापर्यंत बर्फ जाड होतोच’ हे वडीलधाऱ्यांचे अनुभवसिद्ध वाक्य आता हमी म्हणून चालत नाही. एका अर्थाने, बदलत्या हवामानाने जुनी ओळखीची सरोवरेही पुन्हा अनोळखी करून टाकली आहेत.

तरीही हा छंद ओसरलेला नाही. बर्फाच्या या प्रदेशात ओजिब्वे व डकोटा समाजांचे लोक कित्येक पिढ्या लाकडी मासा पाण्यात नाचवून, त्याच्या ओढीने आलेल्या माशाला भाल्याने टिपत आले. आजच्या मासेमाराच्या हाती माशांचा ठाव घेणारे सोनार यंत्र आहे. पण ते यंत्र बर्फाखालचा मासा दाखवते. आपल्या पायाखालचा बर्फ किती भरवशाचा, हे सांगायला आजही पहारीचा घाव, मोजपट्टी आणि काठावरच्या जाणत्या माणसाचा शब्द हीच साधने उपयोगी पडतात. विश्वास ठेवावाच लागतो, त्याशिवाय सरोवराच्या मध्यापर्यंत पोहोचता येत नाही. तो मोजून ठेवावा आणि दर दीडशे फुटांवर पुन्हा तपासावा, एवढेच.