दाढ काढली, आता पहिला दिवस सांभाळा

“खराब रक्त निघून जाऊ दे, थुंकत राहा,” असं सासूबाईंनी सांगितलं आणि सुनेनं ऐकलं. रिसोड तालुक्यातल्या एका वस्तीत, सोयाबीनच्या हंगामात घडलेली ही गोष्ट. दाढ दुपारी निघाली होती. संध्याकाळपर्यंत ती ताई अंगणात बसून थुंकत होती, कोमट पाण्याच्या चुळा भरत होती. रात्री उशी रक्तानं भिजली. घरचे घाबरले आणि आम्हाला बोलावणं आलं. आम्ही स्वच्छ गॉजची घडी दाढेच्या खड्ड्यावर ठेवली, दात घट्ट आवळायला लावले. अर्ध्या तासात रक्त थांबलं. पण तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका गेला, मजुरीचे चार दिवस बुडाले. सगळे म्हणाले, डॉक्टरनं दाढ बिघडवली.

दाढ कोणी बिघडवली नव्हती. घरी गेल्यावर काय करायचं, हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नोकरी करताना गर्दीच्या दिवशी आम्हीही चिठ्ठी हातात देऊन पुढच्या पेशंटला हाक मारलेली आहे. म्हणून आज सविस्तर सांगतो.

जाण्याआधी

दाढ दुखली की आपल्याकडे आधी तंबाखूची चिमूट दाबतात, कोणी बिब्बा लावतो, कोणी दुखायची गोळीच हिरडीवर ठेवतो. बिब्ब्यानं आणि गोळीनं हिरडी भाजते. कीड मात्र आत चालूच राहते.

दवाखान्यात उपाशीपोटी जाऊ नका. भुकेनं आणि भीतीनं चक्कर येते. भाकरी-भाजी खाऊन जा. बीपीची, शुगरची गोळी चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा आजार, गरोदरपण, एखाद्या औषधाची ॲलर्जी हे न विचारताही सांगा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास महत्त्वाची. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी दाढ काढण्याआधी ते सांगितलंच पाहिजे. दातातला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, उपास, ताण यांनी त्यांचं दुखणं उसळू शकतं. त्यांनी भरपूर पाणी प्यावं आणि दाताचं दुखणं अंगावर काढू नये. जे नुसते वाहक आहेत, त्यांना सहसा अडचण येत नाही, तरी सांगून ठेवावं.

“दाढ वाचवता येईल का?” हा प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

खुर्चीवर बसल्यावर

हिरडीत भुलीचं इंजेक्शन देतात. ते टोचतं, क्षणभर चुरचुरतं. थोड्या वेळानं ओठ, गाल, जीभ जड होते. मग डॉक्टर दाढ हलवून सैल करतात. दाब जाणवतो, ओढ जाणवते, कधी ‘कट’ असा आवाजही येतो. पण धारदार कळ येता कामा नये. आली तर हात वर करा, भूल वाढवता येते. अक्कलदाढ आडवी असेल तर हिरडी कापून काढावी लागते आणि टाके पडतात.

“वरची दाढ काढली की डोळा जातो,” हे वस्तीवस्तीत ऐकू येतं. हे खोटं आहे. डोळ्यानं दिसण्याची नस वेगळी, दाताची नस वेगळी. ज्यांची नजर वयानं किंवा मोतीबिंदूनं कमी झाली, त्यांनी दोष दाढेला दिला, एवढंच.

पहिले २४ तास

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बनते. जखमेवर खपली धरते तशीच ही. हिच्याखाली हाड आणि नस झाकली जाते. ही गुठळी जपणं हेच पहिल्या दिवसाचं काम.

गॉज ३० ते ४५ मिनिटं घट्ट दाबून ठेवा, सारखा काढून पाहू नका. थुंकू नका, लाळ गिळा. थुंकीत थोडा लाल रंग दिसला तरी घाबरू नका, थोडं रक्त लाळेत मिसळूनही पुष्कळ दिसतं. चुळा भरू नका. नळीनं ओढून काही पिऊ नका. बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर काही चावू नका, गाल चावला जातो. लेकरांवर खास लक्ष ठेवा.

गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा, गरम शेक नको. खायला थंड आणि मऊ: दहीभात, गार वरण-भात, केळं. गरम चहा, तिखट रस्सा त्या दिवशी नको. ओझं उचलू नका, झोपताना उशी उंच घ्या.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून, जेवणानंतर हळूच तोंड धुवा. दिलेल्या गोळ्या सांगितल्या तशा पूर्ण घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

खर्रा, बिडी, तंबाखू निदान तीन दिवस पूर्ण बंद. गुठळी निसटण्याचं आणि खड्डा कोरडा पडून ठणकण्याचं हे मोठं कारण आहे. तीन दिवस राहता आलं तर चौथ्या दिवशी परत का सुरू करायचं? सोडायला मदत हवी तर १८००११२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे.

लगेच परत कधी जायचं

तासभर गॉज दाबूनही रक्त वाहत राहिलं तर. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तोंडाला घाण वास आला तर. ताप आला, पू आला तर. जबड्याखाली सूज येऊन गिळायला, तोंड उघडायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. अशी सूज जिवावर बेतते.

दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तर पुन्हा दाखवा. खर्रा खाणाऱ्यांनी हे टाळूच नये. कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

कुठे जायचं

आठवडी बाजारात चादर अंथरून दात काढणाऱ्याकडे नको. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार नोंदणी असलेल्यालाच हे काम करता येतं. न उकळलेल्या अवजारांतून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, ते आशाताईंना विचारून ठेवा.

त्या ताईची आता दुसरी दाढ निघाली. या वेळी सासूबाईच शेजारी बसून म्हणत होत्या, “थुंकू नको, गिळ.” हे पान रविवारी विहारात वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या दाढाही दुखतात.