बाहेरच्यांची साक्ष

नागभीडसारख्या गावात ख्रिस्ती मंडळीच्या कार्याची पारख कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील या जंक्शनाभोवतीचा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि जंगलाचा आहे. इथल्या गावांतून गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, विहारांतून बुद्धवंदना होते, गोंडांचे पेन आपापल्या ठाण्यावर पूजिले जातात. ख्रिस्ती घरे मात्र विरळच. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. आणि त्यांतील बहुसंख्य मुंबई, वसई, पुणे या बाजूचे. तेव्हा या झाडीपट्टीत मिशनच्या दवाखान्यातील खाटेवर जो रुग्ण निजतो, किंवा मिशनच्या शाळेतील बाकावर जे मूल बसते, ते बहुधा मंडळीबाहेरचेच असणार. ब्रह्मपुरीच्या ख्रिस्तानंद रुग्णालयाचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी अनेकांचा ख्रिस्ती धर्माशी याहून निराळा संबंध कधी आलेला नसतो.

अशा स्थितीत मंडळीने आपले सेवाकार्य बाहेरच्यांच्या मताप्रमाणे घडवावे की नाही, हा वाद केवळ धर्मशास्त्राच्या विद्यालयात बसून सोडविण्याजोगा उरत नाही. एक पक्ष म्हणतो, लोकांत राहायचे तर लोकांचे ऐकले पाहिजे. दुसरा म्हणतो, जी मंडळी जनमताच्या वाऱ्याबरोबर फिरू लागते ती लवकरच मंडळी राहत नाही. दोन्ही पक्षांना शास्त्राधार मिळतो, ही यातली मौज आहे. मंडळीचा अध्यक्ष बाहेरच्या लोकांतही चांगल्या नावाचा असावा, अशी अट पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे प्राप्त आहे, असे पेत्राने यरुशलेमच्या न्यायसभेस बजावल्याचेही प्रेषितांच्या कृत्यांत आले आहे. ही दोन वचने परस्परांना छेद देतात असे प्रथम वाटते. वस्तुतः ती दोन भिन्न प्रकारच्या ‘बाहेरच्यां’विषयी आहेत. पहिल्या वचनातला बाहेरचा हा शेजारी आहे, दुसऱ्यातला सत्ताधीश. हा भेद नीट ध्यानी घेतला, तर महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासाचे कित्येक गुंते उकलू लागतात.

प्रथम ‘बाहेरचा’ कोण याचाच विचार करू. चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांच्या सुमारास मिशन उभारले, तेव्हा आरंभीच्या दिवसांत तेथे नेहेम्या गोरे यांनी काम केले. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणारे हे कोकणस्थ पंडित काशीत वाढलेले होते. पुढे १९६२ मध्ये चांदा हा सिरो-मलबार कॅथलिकांचा केरळाबाहेरील पहिला मिशन-प्रदेश ठरला, आणि केरळातील धर्मगुरू व धर्मभगिनी येथे आल्या. १९७७ मध्ये त्याचे रीतसर धर्मप्रांतात रूपांतर झाले. स्कॉटलंडचा पाद्री, काशीचा पंडित, केरळची भगिनी — यांपैकी कोणीही येथला नव्हता. झाडीबोली बोलणाऱ्या कुणब्याच्या किंवा गोंडी बोलणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने बाहेरची होती ती मंडळीच. पाहुण्याने यजमानाच्या घराची रीत विचारून घ्यावी, इतके तर साधे सौजन्यही सांगते.

परंतु सौजन्याने सारे प्रश्न सुटत नाहीत, हे पंडिता रमाबाईंच्या अनुभवावरून दिसते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष त्याच्या सल्लागार मंडळावर होते. सदनात धर्माची सक्ती व्हायची नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही विधवा मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून गहजब झाला, ‘केसरी’ने टीकेची धार धरली, आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले.

या प्रकरणात एका पक्षास खलनायक ठरविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. ज्यांनी आपल्या लेकी-सुना एका आश्वासनावर तेथे पाठविल्या, त्यांना त्या आश्वासनाचा नेमका अर्थ काय हे विचारण्याचा अधिकार होता. सल्लागारांची ही शंका रास्तच होती. मात्र रमाबाईंनी आपली प्रार्थना दार लावून, चोरट्यासारखी करावी, ही अपेक्षा रास्त नव्हती. पुढे केडगावास त्यांनी ‘मुक्ती’ सदन उभारले, त्याचे ख्रिस्ती स्वरूप त्यांनी कोणापासून लपविले नाही. बाहेरच्यांच्या टीकेला याहून प्रामाणिक उत्तर कोणते असू शकते? टीकेतला खरा अंश स्पष्टतेच्या मागणीचा होता. ती मागणी मान्य झाली. श्रद्धा मात्र विकली गेली नाही.

साठ वर्षांनी हाच प्रश्न सरकारी दप्तरातून पुढे आला. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. चांदा जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. समितीने १४ जिल्ह्यांतून दौरा केला, ११,३६० लोकांची गाठ घेतली आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. १९५६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मुख्यतः धर्मांतरासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, वैद्यकीय वा तत्सम सेवेचा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी करावी, भारतीय ख्रिस्ती लोकांनी परकीय मदतीवर न विसंबणारी एकसंध मंडळी स्थापावी, अशा त्यातील काही शिफारशी होत्या.

ख्रिस्ती समाजात त्यामुळे मोठा क्षोभ उसळला. समितीने एकांगी पुरावा ग्राह्य मानला, असा आक्षेप घेतला गेला. आणि अहवालातील संशयाचा सूर पाहता तो आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही अहवालाचे दोन भाग पाडून पाहणे आवश्यक होते. कोणी कोणता धर्म सांगावा वा स्वीकारावा हे सरकारने ठरवावे, असा जो त्यातला रोख होता, तो मान्य करणे म्हणजे संविधानाच्या २५ व्या कलमाचा गाभाच पोखरणे होते. पण दुखण्याने गांजलेल्या माणसाला औषधाबरोबर उपदेश पाजणे हा त्याच्या असहायतेचा गैरफायदा आहे, हे म्हणणे कोणाच्याही तोंडून आले तरी खरेच आहे. आणि परक्या पैशावर उभी राहिलेली मंडळी आपल्या गावाला जबाबदार राहत नाही, हे तर नारायण वामन टिळकांसारख्या मंडळीतल्याच माणसाने आपल्या कृतीने फार आधी दाखविले होते. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनाच्या नोकरीतून मोकळे झाले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही खुला असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. अभंग आणि कीर्तन ही महाराष्ट्राची रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी स्वीकारली, ती टीकाकारांना शांत करण्यासाठी नव्हेत. ती त्यांची स्वतःचीच मातृभाषा होती.

नियोगी अहवालाची एक गोष्ट विस्मरणात जाऊ नये. ज्या वर्षी तो प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः डॉ. नियोगीही होते. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. मनुष्य विचारपूर्वक आपला धर्म बदलू शकतो, याचा याहून उघड दाखला या भूमीला दुसरा कोणता हवा? १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यामुळे मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा चांद्यास लागू झाला नाही. त्या कायद्याची वैधता मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही. या निर्णयावर मतभेद आहेत आणि राहतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही अशा कायद्याचा विचार करण्यास समिती नेमली, तेव्हा तोच जुना वाद नव्याने पेटला. अशा वेळी प्रत्येक टीकेला शत्रुत्व समजून कवाडे लावून घ्यावीत, असा मोह मंडळीस होणे स्वाभाविक आहे. पण तो टाळलाच पाहिजे.

कारण बाहेरचे मत न ऐकल्याने मंडळीचे झालेले नुकसान लहान नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. शिक्षण मिळाले, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून तुम्ही लढला नाहीत. दक्षिणेत तर देवळाच्या आतही जातिभेद शिल्लक आहे, असा त्यांचा आशय होता. हे मत बाहेरच्याचेच होते. ते वेळीच मनावर घेतले गेले असते, तर दलित ख्रिस्ती बांधवांना आपल्याच मंडळीत पुढची कित्येक वर्षे न्यायासाठी झगडावे लागले नसते.

येथे एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. दक्षिणेतील मंडळीत जातिभेद शिरला कसा? सतराव्या शतकात मदुरेस रॉबर्ट द नोबिलीने ब्राह्मणी आचार स्वीकारले. पुढे निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळे धर्मगुरू झाले, बसण्याच्या जागा वेगळ्या झाल्या. म्हणजे तोही बाहेरच्यांच्या मताशी केलेला मेळच होता! उच्चवर्णीयांना काय रुचेल हे पाहून मंडळीने आपली घडी बसविली, आणि ज्यांना त्या घडीखाली दबावे लागले त्यांना कोणी विचारले नाही. आपल्या भागातील उदाहरण घ्यावयाचे तर व्हेरिअर एल्विन यांचे घेता येईल. १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांत राहण्यास गेलेल्या या तरुण धर्मगुरूने ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी त्यांना परवाना दिला नाही. हे बिशप पूर्वी चांद्याच्या मिशनात काम केलेले, त्यावर पुस्तक लिहिलेले, म्हणजे या रानाशी परिचित गृहस्थ. तरीही पारड्यात राजाची मर्जी जड ठरली, गोंडांच्या शेजाराची ओढ हलकी. १९३५ मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले.

तेव्हा जुळवून घेणे हा स्वतःच काही गुण नव्हे, आणि ताठ राहणे हाही नव्हे. मंडळीने कोणाच्या मताशी जुळवून घेतले, हे पाहावे लागते. ज्याच्यासाठी सेवा चालली आहे, तिचे बरेवाईट ज्याच्या अंगावर येते, त्याचे मत शिरोधार्य मानावे. ज्याच्या हाती दंड आहे, किंवा ज्याचा आवाज मोठा आहे, त्याचे मत ऐकावे. त्यातले खरे ते घ्यावे. पण त्यापुढे वाकू नये.

या कसोटीचा व्यवहारातील अर्थ अवघड नाही. गडचिरोलीत १९८० च्या दशकापासून काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना दवाखाना कसा हवा हे त्यांनाच विचारले; मोठ्या इमारतींची भीती वाटते असे उत्तर आले, म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना बांधला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. ही काही ख्रिस्ती संस्था नव्हे. तरी तिच्यापासून मिशनला शिकता येईल. दवाखान्याच्या नावाला ख्रिस्ताचे नाव असो, पण खाटेवरच्या रुग्णाला त्याची भाषा बोलणारा माणूस भेटावा, आणि न मागितलेला उपदेश त्याच्या कानी पडू नये. शाळेत प्रार्थना कोणती होते, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना स्पष्ट सांगावे. देणगी कोठून आली आणि कोठे खर्च झाली, याचा हिशेब ग्रामस्थांना पाहता यावा. संस्थेच्या सल्लागारांत बौद्ध, गोंड, वारकरी असे शेजारी असावेत. १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला नागपुरातच अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापिले. भिन्न परंपरांचे पंथ आपले अभिमान बाजूस ठेवून एकमेकांचे ऐकू शकतात, तर शेजाऱ्याचे ऐकणे त्यांना अशक्य का व्हावे?

आणि जे देता येणार नाही, तेही तितकेच स्पष्ट असावे. कोणी सज्ञान मनुष्य आपल्या बुद्धीने, कोणत्याही आमिषावाचून, ख्रिस्ताविषयी विचारावयास आला, तर त्याला परत पाठविण्याचे कारण नाही. प्रार्थना मोठ्याने म्हणण्यास लाजण्याचे कारण नाही. गोंडाच्या जमिनीवर किंवा मजुराच्या हक्कावर आक्रमण होत असता, कोणी ‘धर्मगुरूंनी यात पडू नये’ असे म्हटले, म्हणून मूग गिळून बसण्याचेही कारण नाही. याबाबतीत मत बाहेरचे असो वा मंडळीतल्याच सुखवस्तू सभासदाचे असो, ते बाजूस ठेवावे लागेल.

पौलाने बाहेरच्यांची साक्ष मागितली, ती मंडळीने सर्वांना आवडावे म्हणून नव्हे. शेजाऱ्याला माणसाचे खरे रूप लवकर कळते, एवढाच त्यामागचा व्यवहार असावा. चांद्यात गोऱ्यांच्या काळापासून दीड शतक लोटले. या काळात मिशनने किती बाप्तिस्मे दिले, याच्या नोंदी त्यांच्या वह्यांत असतील. झाडीतल्या गावांची साक्ष मात्र कोणत्याही वहीत नाही. ती नागभीडच्या फलाटावर, ब्रह्मपुरीच्या बाजारात, धानाच्या बांधीवर लोक आपसांत जे बोलतात त्यात आहे. ती ऐकण्याइतकी नम्रता, आणि ती ऐकूनही आपली वाट न सोडण्याइतका धीर, हे दोन्ही ज्या मंडळीपाशी असतील, तिला बाहेरच्यांच्या मताची धास्ती बाळगण्याचे प्रयोजन नाही.