गोळी नळीपेक्षा बारीक की जाड?
जुनी हत्यारं, जुनी अक्कल : भाग 9

बंदुकीच्या काळ्या दारूची कुळकथा मागच्या भागात झाली. दारू पेटली की तिचा वायू होतो आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पळू पाहतो. गोळी आणि नळी यांच्यामध्ये ही फट ठेवायची की नाही, यावर शिशाच्या गोळीचं माप ठरत असे. अठराव्या शतकातला कारागीर गोळी मुद्दाम बारीक ओतायचा, एकोणिसाव्या शतकातला रिव्हॉल्व्हरवाला मुद्दाम जाड. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

आधी बारीक गोळीची गोष्ट, आणि ती थेट आपल्या गावाशी जोडलेली. करंजा बेट, म्हणजे आजचं उरण, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं होतं. 1774 च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला आणि साष्टी बेटापाठोपाठ करंजाही गेलं. 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्या काळच्या इंग्रजी पायदळाची नावाजलेली बंदूक म्हणजे चकमकीची ‘ब्राउन बेस’. तिची नळी सुमारे 19 मिलिमीटर रुंद आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. म्हणजे दीड मिलिमीटरचा फरक. हा ढिसाळपणा नव्हता. काळी दारू जळताना काजळी फार धरते. दहा-वीस बार झाले की नळी आतून अरुंद होते. गोळी आधीच तंतोतंत असेल, तर ऐन लढाईत ती गजाने ठोकत बसावं लागेल. बारीक गोळी सरसर खाली उतरते. याची किंमत नेमबाजीत मोजावी लागे. नळीत आपटत, धडपडत बाहेर पडलेली गोळी शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला नेमकी लागण्याचा भरवसा नसे. म्हणून तर शिपाई रांगेत उभे करून एकदम फैर झाडायची पद्धत पडली.

आता रिव्हॉल्व्हर. सॅम्युअल कोल्टचं 1851 चं ‘नेव्ही’ मॉडेल प्रसिद्ध आहे. 1853 ते 1856 या काळात त्याचा कारखाना लंडनमध्येही चालला. कोल्ट आणि त्याचा इंग्रज प्रतिस्पर्धी ॲडम्स, या दोघांची रिव्हॉल्व्हरं 1857 च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. धातूची काडतुसं अजून रुळली नव्हती. फिरत्या चक्रात सहा खण (ॲडम्समध्ये पाच), प्रत्येकात दारू, तिच्यावर गोळी आणि मागे ठिणगी पाडणारी केप. गोळी लांब नळीतून उतरवायची नसल्यामुळे काजळीची ती अडचण इथे उरली नाही. उलट गोळी खणापेक्षा किंचित जाड हवी. कोल्ट नेव्हीला 0.375 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची गोळी चालते. नळीखालची दांडी दाबली की गोळी खणात घुसते आणि तिच्या कडेचं शिसं सोलून एक बारीक कडी बाहेर पडते. गोळी मापाची आहे याची खूण म्हणजे ही अखंड, चकचकीत कडी.

कडी पडली नाही तर दोन संकटं. एक, बाराच्या धक्क्याने शेजारच्या खणांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडकतं. दुसरं अधिक भयंकर. समोरची ज्वाळा सैल गोळीच्या कडेने आत शिरते आणि शेजारचे खणही पेटतात. नळी एकच, पण बार दोन-तीन!

म्हणूनच पेटीतून विकल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरसोबत बहुधा तिच्याच मापाचा साचा असे. चिमट्यासारखे दोन हात, टोकाला अर्ध्या-अर्ध्या गोळीची खाच आणि वर शिसं ओतायचं भोक. शिसं 327 अंशांना वितळतं, पण साचा थंड असेल तर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या परत कढईत जातात. साचा तापला की गोळी गुळगुळीत येते आणि भोकातलं शेपूट कापून टाकतात. आत हवेची पोकळी राहिली का, हे तराजू सांगतो. साडेनऊ मिलिमीटरची भरीव गोळी पाच ग्रॅमच्या थोडी वर भरते, पोकळ गोळी हलकी पडते. शिसंही शुद्ध, मऊ हवं. कथील किंवा अँटिमनी मिसळलं तर त्याच साच्यातून गोळी किंचित मोठी आणि कडक निघते. मग कडी नीट सोलली जात नाही आणि दांडीवर ताण येतो.

मापनाची जुनी रीतही वजनावरच बेतलेली. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील, तो बंदुकीचा ‘बोअर’. बारा बोअरला बारा गोळ्या. ॲडम्सचं एक रिव्हॉल्व्हर 54 बोअरचं होतं. त्याची गोळी साडेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी बारीक होते.

हे वाचून कुणी घरी शिसं वितळवायला बसू नये. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठते, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच घातक. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी ते अंगावर उडतं. शिवाय परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. कोकणात शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने आजही आहेत, त्या मंडळींनाही हा नियम चुकलेला नाही.

एक विनंती मात्र आहे. जुन्या घराच्या माळ्यावर असा चिमट्यासारखा साचा सापडला, तर तो भंगारात घालू नका. एखाद्या वस्तुसंग्रहालयात दाखवा. बंदूक हरवलेली असली तरी साच्याच्या खाचेवरून तिच्या नळीचं अदमासे माप काढता येतं.

(पुढील भागात : केप, म्हणजे ठिणगीची सोय)