भादव्यातला परस: समजुती आणि खरं काय

भाद्रपद लागला की उमरग्यात घरोघरचे वेल मांडवावर चढलेले असतात. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, म्हणून दोडका, भेंडी, गवार, लाल भोपळा, वाळूक असं माळवं जमेल तेवढं घरचंच काढायची धडपड असते. कुंपणाला तेरडा आणि गोकर्ण फुललेले, दसऱ्यासाठी लावलेला झेंडू कळ्यांवर आलेला. १९९३ च्या भूकंपानंतर या भागातली जी गावं नव्या जागी वसली, तिथे जुन्या दाटीच्या गावठाणापेक्षा घराभोवती मोकळी जागा अधिक मिळाली आणि परसाची हौस करता आली. याच दिवसांत सल्लेही भरपूर मिळतात. त्यातले काही पिढ्यांच्या अनुभवातले, सोन्यासारखे. पण काही साफ चुकीचे आहेत. त्यांच्यापायी चांगले वेल उपटले जातात आणि उपयोगाचे जीव मारले जातात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘फुलं येतात आणि गळून पडतात, वेलाला नजर लागली’. नजर नाही आणि बहुतेक वेळा रोगही नाही. भोपळा, दोडका, काकडी, कारलं या सगळ्यांना एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. आधी येतात ती नर फुलं, संख्येनेही तीच जास्त, आणि आपलं काम झालं की ती गळणारच. मादी फूल ओळखणं सोपं आहे, पाकळ्यांखाली इवलंसं फळ आधीच दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल तर मात्र परागकण पोहोचलेले नाहीत असं समजावं. अशा वेळी घाईने युरियाची मूठ टाकली तर पानंच माजतात आणि फळं आणखी मागे पडतात.

इथे वेळेचं भान हवं. लाल भोपळा, काकडी आणि घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात, ती मधमाशांची. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तिथे तिन्हीसांजेनंतर पतंग येतात. हाताने फळधारणा करायची तर त्याच वेळेला नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागकोष मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. दुधीला हा प्रयोग सकाळी दहा वाजता करून उपयोग नाही. फवारणीचंही तेच. घरच्या चार वेलांवर सकाळी कीटकनाशक मारलं की पहिल्यांदा जातात त्या मधमाशा, आणि मग नजर लागल्यासारखं फळ खरंच धरत नाही.

दुसरी समजूत: ‘शेजारी कारल्याचा वेल होता, म्हणून वाळूक कडू निघालं.’ कारलं आणि वाळूक यांचा संकर होत नाही. शिवाय एखाद्या जवळच्या जातीचे परागकण आले तरी त्याचा परिणाम बियांत उतरतो आणि तो दिसतो पुढच्या पिढीत. या वर्षीच्या फळाचा गर आईवेलाचाच असतो. कडूपणा येतो तो क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. बियाण्याचा गुण, कडक ऊन आणि पाण्याची ओढाताण यांमुळे ती वाढतात. काकडीत ती देठाकडे जास्त असतात, म्हणून तो भाग कापून टाकणं बरोबर आहे. फेस येईपर्यंत चोळल्याने मात्र उरलेल्या काकडीतलं विष ओढलं जात नाही.

यातूनच निघालेली एक समजूत जिवावर बेतणारी आहे: ‘कडू ते औषधी.’ कारल्याचा कडूपणा आपल्या खाण्यातला आहे. दुधीचा कडूपणा ही धोक्याची खूण आहे. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. उलट्या, जुलाब, पोटात कळा, रक्ताची उलटी, रक्तदाब घसरणं इथपर्यंत मजल जाते. शिजवूनही हा कडूपणा जात नाही. चिरण्याआधी एक बारीक काप जिभेला लावावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि दुधी सरळ उकिरड्यावर.

चुलीची राख आणि अंड्याची टरफलं आळ्यात टाकायची सवय जुनी आहे. आंबट जमिनीत राखेचा उपयोग होतो. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि विम्ल, म्हणजे आंबटाच्या उलट. तिच्यात राख घालत राहिलं की विम्लपणा वाढतो आणि जमिनीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला की हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी. टरफलांतून मिळणारा चुना या मातीत आधीच भरपूर आहे. टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा डागही बहुतेकदा पाणी कधी तुंबवून, कधी आठवडाभर तोडून दिल्याने पडतो. कुजलेलं शेणखत आणि सारखी ओल, या मातीला एवढं पुरतं.

झेंडूबद्दलही एक गोड गैरसमज आहे, तो लावला की कीड पळते. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी कमी होतात हे खरं, पण त्यासाठी तो दाट लावावा लागतो. टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी तर झेंडूकडे ओढली जाते. म्हणून शेतकरी तो सापळा पीक म्हणून कडेने लावतात. फुलांवरची अंडी आणि अळ्या वेचल्या तरच फायदा.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी चिरडू नये. ती लिंबू फुलपाखराची असते. कढीपत्त्यावर बहुरूपी नावाचं काळं फुलपाखरू वाढतं. मोठं झाड चार पानं सहज सोसतं. अगदी लहान रोप असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवावी.

शेवटी धामण. ती नागाची मादी नाही, नागाची मादीही नागच असते. म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते हेही खरं नाही, सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याजोगी नसते. धामण बिनविषारी आहे आणि घराजवळचे उंदीर खाते. तिला मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण साप ओळखता येत नसेल तर जवळ जाऊ नये, सर्पमित्राला बोलवावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापासून खरा धोका आहे. रात्री परसात जाताना बूट आणि बॅटरी हवी, लाकडांच्या ढिगात नुसता हात घालू नये. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक गाठणं यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालयात न्या, सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे मिळतं.