येणारी वाट रुंद, जाणारी अरुंद

पिशोरच्या घरांवर बसवलेल्या फ्री डिशच्या छत्र्या नीट पाहिल्या, तर सगळ्यांची तोंडं आग्नेयेकडे असतात. ज्या उपग्रहावरून दूरदर्शनच्या या मोफत सेवेचे कार्यक्रम येतात, तो जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पिशोर ७५ अंशांच्या थोडं पुढे आणि विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला. हिशेब मांडला तर हा उपग्रह इथून जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून ५८ अंशांच्या आसपास उंचीवर येतो. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. म्हणून छत्री एकदा रोख धरून आवळली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही.

पिशोरसारख्या गावासाठी ही ५८ अंशांची उंची फार मोलाची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेला कन्नड तालुक्यातला हा भाग. कपाशी, मका, अद्रक ही इथली पिकं, आणि वाड्या-वस्त्या खोऱ्याखोऱ्यांत पांगलेल्या. जमिनीवरून येणाऱ्या कुठल्याही लहरीला इथे डोंगर आडवा येतो. पूर्वी दूरदर्शन खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून दिसायचं, तेव्हा ज्याच्या घरासमोर टेकडी त्याच्या पडद्यावर मुंग्या, हे ठरलेलंच. पण ५८ अंश उंच असा डोंगर इथे कुठेच नाही. त्यामुळे १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, तेव्हा शहरातला बंगला आणि डोंगराच्या कुशीतला तांडा पहिल्यांदा एका रांगेत आले. हीच सेवा आता फ्री डिश म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं रिचार्ज नाही. जोराचा पाऊस आला की चित्र अडकतं, कारण डिशच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. पाऊस उघडला की चित्र परत येतं.

या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण असा की पाहणारे वाढले म्हणून कुणाचा वाटा कमी होत नाही. उपग्रहाने एकदा सोडलेला कार्यक्रम एका घराने पाहिला काय आणि चार कोटी घरांनी पाहिला काय, उपग्रहाला तेवढंच काम पडतं. स्वस्ताईचं मूळ यातच आहे, आणि मर्यादेचंही. पत्र्यावरची छत्री फक्त घेते. तिच्यातून काहीही वर जात नाही.

ही मर्यादा सगळ्यात ठळक दिसली ती २०२० साली. शाळा बंद झाल्या होत्या. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, त्या घरातही ती पोचली. हे काम मोलाचं होतं. त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण गणित समजलं नाही तर हात वर करायला, वही दाखवायला पडद्यासमोरच्या मुलाला जागा नव्हती. त्याच दिवसांत शहरातलं मूल मोबाईलवर बाईंना प्रश्न विचारत होतं. दोन्ही मुलांना धडा मिळत होता, उत्तर द्यायची सोय मात्र एकालाच होती.

इंटरनेट हा मुळात देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, आणि खेड्यात तो बहुतेक वेळा ‘देवाण’पाशी अडतो. शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू केली. पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, मोबाईलवर फोटो काढून करायची. सातबाऱ्यावरची ही नोंद नुकसानभरपाईला लागते, हमीभावाच्या खरेदीला लागते. कल्पना उत्तम आहे. मात्र ज्या गटात उभं राहायचं, तो गट अनेकदा नाल्याच्या पलीकडे किंवा टेकडीच्या मागे असतो. फोनवर रेंजच्या दोन दांड्या दिसतात आणि तरीही फोटो जात नाही. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून माणूस घरी परततो.

दांड्या असून फोटो का जात नाही, याचं कारण शेतकऱ्याला कुणी समजावून सांगत नाही. टॉवरवरचा अँटेना दहा-वीस वॅटच्या ताकदीने बोलतो. आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरचा आवाज डोंगराला वळसा घालून, क्षीण होऊन का होईना, फोनपर्यंत पोचतो. फोनचं उत्तर मधेच विरतं. पडद्यावरच्या दांड्या टॉवरचं किती ऐकू येतं तेवढंच सांगतात, टॉवरला आपलं किती ऐकू जातं हे सांगत नाहीत. शिवाय २३०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत येणं आणि जाणं एकाच लहरीवर आळीपाळीने चालतं, आणि त्यातला बराच मोठा वेळ कंपन्या येणाऱ्या मजकुरासाठी राखतात, कारण बहुतेक ग्राहक व्हिडिओ पाहतात. म्हणजे शेतात उभ्या माणसाची बाजू दुहेरी लंगडी. फोटो फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवायची सोय कामाची ठरते ती याचमुळे.

मग इंटरनेटही आभाळातूनच का आणू नये? डोंगराचा प्रश्न सुटतो, पण वाटणीचा उभा राहतो. इस्रोचा जीसॅट-एन२ हा खास ब्रॉडबँडसाठीचा उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतून सोडला गेला. त्याची एकूण क्षमता ४८ गिगाबिट प्रतिसेकंद. आकडा मोठा वाटतो, पण एक लाख घरांनी एका वेळी नेट लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिटही येत नाही. टीव्हीचा कार्यक्रम सगळ्यांना सारखाच पाठवायचा असतो. इंटरनेटवर प्रत्येकाचं मागणं वेगळं. त्यात मागणं वर जाऊन खाली येणार, उत्तर वर जाऊन खाली येणार, असा सुमारे १,४४,००० किलोमीटरचा फेरा प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद खातो. फोनवर बोलताना एवढा उशीर झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून तिथे हा उशीर जाणवत नाही. ते आकाशात स्थिर नसतात. एक मावळेपर्यंत दुसरा हाताशी लागतो, म्हणून ते हजारोंच्या संख्येने लागतात. महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम हे जिल्हे पुढे ठेवले. गडचिरोलीच्या जंगलात किंवा सातपुड्याच्या पाड्यांवर याचा उपयोग मला पटतो. पण पिशोर ही तालुक्यातली मोठी बाजारपेठ आहे. तिथे पक्का रस्ता जातो, वीज जाते. अशा गावाला आभाळाकडे बघायला लावणं म्हणजे जमिनीवरचं काम अर्धवट सोडणं.

ते काम म्हणजे भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली ही योजना तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची. फायबरमधून येणं आणि जाणं दोन्ही ऐसपैस. ना डोंगर, ना पाऊस. पण सुरुवातीच्या टप्प्यात तारा एकापुढे एक गाव अशा सरळ रेषेत टाकल्या. रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा पाइपलाइनच्या खोदाईत जेसीबीने तार एका जागी तोडली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात तारा वर्तुळात जोडायचं ठरलं. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने मजकूर जाईल.

तरी माझ्या मते खरी अडचण तारेपेक्षा दुरुस्तीत आहे. छत्री वाऱ्याने हलली तर बाजारातला मिस्त्री येतो, मीटर लावतो, दिशा जुळवतो. गावोगाव अशी कारागिरी गेल्या वीस वर्षांत कुणी न शिकवता उभी राहिली. तुटलेली फायबर जोडायला तेवढंच कसब आणि एक स्प्लायसिंग मशीन लागतं. आयटीआय झालेली मुलंमुली ते सहज शिकतील. पण जोडायचा अधिकार दूरच्या कंत्राटदाराकडे, तक्रार त्याहून दूरच्या कार्यालयात, आणि तोवर ग्रामपंचायतीतला इंटरनेटचा डबा नुसता पडून. तालुक्यात चार-पाच गावांमागे एक प्रशिक्षित जोडणीकार, त्याला दुरुस्तीचा अधिकार आणि वेळेवर पैसे, एवढं झालं तरी चित्र पालटेल.

शेतापर्यंत फायबर जाणार नाही, हेही खरं. तिथे जुन्या टीव्हीच्या लहरी कामाला येऊ शकतात. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या पट्ट्यातल्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या, रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. या लहरी लांब असतात, झाडी आणि उंचसखल जमीन त्यांना तितकीशी अडवत नाही. म्हैसमाळच्या मनोऱ्याला जे जमत होतं, ते दोन्ही बाजूंनी करता येतं, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये बदलली. ५१२ किलोबिटऐवजी किमान २ मेगाबिट, पण तो आकडा फक्त येणाऱ्या वेगाचा. जाणाऱ्या वेगाचा उल्लेखच नाही. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये आपली व्याख्या बदलताना येण्यासाठी १०० आणि जाण्यासाठी २० मेगाबिट असे दोन आकडे लिहिले. आपले आकडे लहान असू देत, पण दोन असू देत. ई-पीक पाहणीच्या हंगामात पिशोरच्या शिवारातून फोटो जातो की नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. आणि जो आकडा नियमातच नाही, त्याची तक्रार शेतकऱ्याने कुठे आणि कशाच्या आधारावर करायची?