‘ऑरेंज’ शब्दाचे माहेर

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात ‘ओ’ या अक्षरापुढे बहुधा ‘ऑरेंज’चे चित्र असते. तिगाव, पांढुर्णा, सौसर या पट्ट्यातील मुलांना ते फळ समजावून सांगावे लागत नाही; आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार त्यांच्या डोळ्यांदेखत येतात. मात्र हा शब्द साहेबाचा आहे, ही त्यांची समजूत खरी नव्हे.

संस्कृतात ‘नारंग’ हा शब्द आहे. त्याचेही मूळ द्राविडी भाषांत असावे, असे भाषापंडित मानतात. तमिळमध्ये ‘नारत्तै’ हे एका लिंबुवर्गीय फळाचे नाव आहे. इराणात ‘नारंग’, अरबस्तानात ‘नारंज’ असे करीत हा शब्द अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचला. सोबत फळही गेले, पण ते कडवट. पुढे इटली व फ्रान्समध्ये आरंभीचा ‘न’ गळाला. तेथे नामापूर्वी येणाऱ्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दातही ‘न’ असल्याने हा ‘न’ त्याचाच, असे लोकांना वाटले. इंग्रजीत ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ झाला तो याच रीतीने. शिवाय फ्रेंचमध्ये ‘ऑर’ म्हणजे सोने. सोनेरी फळाला ते नाव शोभलेही!

इंग्रजांकडे हा शब्द आला तो फळापुरता. रंगाला तो लागला सोळाव्या शतकाच्या आरंभी. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्याला ‘तांबड्या छातीचा’ म्हणतात, कारण ते नाव पडले तेव्हा त्या रंगाला इंग्रजीत स्वतंत्र नावच नव्हते.

गोड जातीचा युरोपात प्रसार केला तो मुख्यतः पोर्तुगीजांनी. त्यांच्या सहवासाच्या खुणा आम्हा कोकणी बोलणाऱ्यांच्या भाषेत पावलोपावली आढळतात. या फळावरही त्यांनी देशाचा शिक्का उमटवला. अरबीत गोड फळ ‘बुर्तुकाल’ झाले, तुर्कीत ‘पोर्ताकाल’. आपली ‘मोसंबी’ मोझांबिकवरून आली. ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आला, असाही एक तर्क आहे. बाबराच्या आत्मचरित्रात ‘संगतरा’ भेटतो.

वनस्पतिशास्त्रज्ञांना विचाराल, तर ते आणखी गंमत सांगतील. इंग्रजांच्या गोड ‘ऑरेंज’ची जात म्हणजे आपली मोसंबी, नागपुरी संत्रे ‘मँडरिन’च्या कुळातले. तरीही २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो ‘नागपूर ऑरेंज’ याच नावाने.